दहा वजा केलेस का?

२ मार्च, रविवार. दुपारी अडीच.

आजपासून मी सर्वांना क्षमा करणार आहे. निर्णय पक्का.

सकाळी चर्चच्या उपासनेत पाळकसाहेबांनी दरवर्षीप्रमाणे कार्डं वाटली. (नऊ बाय सात. एक कोपरा काटकोनात नाही.) महिन्याच्या शेवटच्या रविवारी प्रभुभोजनाचा मोठा विधी. त्याआधी, ज्याच्याबद्दल मनात काही सलत असेल त्याचं नाव कार्डावर लिहायचं, त्याच्याकडे जायचं, मनापासून क्षमा करायची आणि कार्ड फाडून दारातल्या टोपलीत टाकायचं. गेल्या वर्षीचं कार्ड मी पुस्तकात खूण म्हणून वापरलं. यंदा तसं होणार नाही.

उपासनेनंतर पाळकसाहेबांकडे आणखी बारा कार्डं मागितली. ते म्हणाले, एका माणसाला एकच. म्हणाले, एकापासून सुरुवात कर, ते एकच पुष्कळ होतं. प्रीतीच्या कामात अशी काटकसर मला खटकली. घरी आल्यावर एकाच कार्डावर, दोन्ही बाजूंनी, बारीक अक्षरात तेरा नावं बसवली. चौदावं पाळकसाहेबांचं.

कार्ड महिनाभर टिकावं म्हणून माउंटबोर्डावर (फ्रेममध्ये फोटोमागे लावतात तो पांढरा जाड पुठ्ठा) चिकटवून वरून प्लॅस्टिक चढवलं. काम चोख झालं.

रात्री आठ. आईने विचारलं, कार्ड फाडायचं असतं ना? आईला कामातली बारकाई कळत नाही. आईलाही क्षमा. (यादीत घालत नाही. जागा नाही.)

३ मार्च, सोमवार.

सोप्यापासून सुरुवात. वरच्या मजल्यावरचे काका. त्यांच्या कुंड्यांचं पाणी तीन वर्षं माझ्या वाळत घातलेल्या शर्टांवर टपकतंय. मी तीन वर्षं सहन केलं. आज दार वाजवून त्यांना सांगितलं की मी तुम्हाला मनापासून क्षमा केली आहे.

काकांना पाणी टपकतं हेच माहीत नव्हतं. मी शर्टांची संख्या सांगितली. काका म्हणाले, अरे, तीन वर्षं मनात ठेवलंस? पहिल्याच दिवशी वरती तोंड करून ओरडला असतास तर! काकू आतून म्हणाल्या की असली माणसं फार खोल असतात. दार लागलं.

क्षमा मात्र पूर्ण झाली. त्यांनी ती कशी घेतली हा त्यांचा प्रश्न.

५ मार्च, बुधवार.

ताईला फोनवर क्षमा केली. मला ‘मिलिमीटर’ हे नाव तिनेच ठेवलं. मी आठ वर्षांचा असताना पावाचे दोन तुकडे समान आहेत का ते पट्टीने मोजत होतो, त्यावरून. नाव पुढे शाळेत गेलं, शाळा नववीत सुटली, नाव सुटलं नाही. दुकानातही सगळे तेच म्हणतात.

ताई खूप हसली. मग म्हणाली, थांब, स्पीकरवर टाकते, यांनाही ऐकू दे, पुन्हा म्हण. पुन्हा म्हटलं. भाऊजीही हसले. मग भाऊजींनाही तिथल्या तिथे क्षमा करून टाकली. एका फोनमध्ये दोन कामं.

वरच्या काकांनी कुंड्यांना पाणी घालणं बंद केलं आहे. विचारल्यावर काकू म्हणाल्या, नको बाबा, उगाच कोणाच्या मनात राहायला.

८ मार्च, शनिवार.

आता क्रमांक एक. मिस्त्री.

आमचं दुकान फ्रेमचं. फोटो, चित्रं, सर्टिफिकिटं. मिस्त्री इथे सव्वीस वर्षं आहेत. मी एक वर्ष तीन महिने. त्यांच्याबद्दल माझ्या तीन तक्रारी आहेत. होत्या.

(१) माझा टेप. बाबांचा होता. पुढचं टोक तुटलं आहे, चार सेंटिमीटर नाहीतच. असा टेप वापरायची पद्धत आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असते : शून्याऐवजी दहाच्या खुणेपासून धरायचं आणि आलेल्या मापातून दहा वजा करायचे. खूण करायची तर दहा पुढे करायची. साधं आहे. गेल्या वर्षी मिस्त्रींनी तो टेप माझ्याकडून मागून घेतला, परत दिलाच नाही. आपला चांगला टेप माझ्या हातात ठेवला आणि विषय संपवला. बाबांची वस्तू! मागितलीही नाही मी, पण त्यांना कळायला नको?

(२) टेप माझ्याकडे होता तोपर्यंत, मी कुठलंही माप घेतलं की मिस्त्री विचारायचे, दहा वजा केलेस का? दिवसातून वीस वेळा. गिऱ्हाइकासमोरसुद्धा. मी प्रत्येक माप तीनदा घेतो हे माहीत असून.

(३) फोटो. खरं म्हणजे ही मालकीणबाईंची तक्रार आहे, पण मला त्रास झालाच. बाईंचा आणि त्यांच्या गेलेल्या साहेबांचा दुकान उघडलं त्या दिवशीचा मोठा फोटो. एकच प्रत. ज्याने काढला तो स्टुडिओ केव्हाच बंद झाला. कडेची पांढरी किनार तेवढी कापायची होती. तेव्हा पद्धत अशी होती की रेघ मी मारायची आणि कटर मिस्त्रींनी चालवायचा. मी रेघ मारली. मिस्त्रींनी कापलं. किनारीबरोबर अर्धे साहेब गेले. फोटोत बाई उरल्या आणि त्यांच्या खांद्यावर एक हात.

बाई धावत आल्या. कोणी केलं विचारलं. मिस्त्री म्हणाले, कटर माझ्या हातात होता. पुढे एक शब्द नाही. वय झालं, नजर गेली, कटर सरकला, एवढं तरी म्हणावं!

त्या दिवसापासून मिस्त्री पॅकिंगच्या कोपऱ्यात आणि कापण्याच्या टेबलावर मी.

आज बाईंनी सांगितलं की आता तयार खोकी मिळतात, पॅकिंगला वेगळा माणूस लागत नाही, तेव्हा मिस्त्रींनी महिनाअखेरीला थांबावं. मिस्त्री बरं म्हणाले. सुतळी गुंडाळत राहिले.

मला वाईट वाटलं. सव्वीस वर्षं! मग सुचलं. बाईंनी जर मिस्त्रींना क्षमा केली तर? आणि ती मी करवून आणली तर?

९ मार्च, रविवार.

पाळकसाहेबांना योजना सांगितली. तपशील नाही, फक्त की मी क्षमेच्या कामात बराच पुढे गेलो आहे. त्यांनी विचारलं, तीस तारखेला साक्ष देशील का, पुढे येऊन आपला अनुभव सांगशील का? पाच मिनिटं.

साक्ष! सगळ्या मंडळीसमोर! पाळकसाहेबांचं नाव यादीतून काढता येत नाही (प्लॅस्टिक), पण मनाने काढलं.

साक्षीचं शीर्षक : मी क्षमा करायला कसा शिकलो. घड्याळ लावून वाचलं. नऊ मिनिटं होतात. काही उपकार गाळावे लागतील.

११ मार्च, मंगळवार.

मिस्त्रींना क्षमा केली. चहाच्या सुट्टीत, पॅकिंगच्या कोपऱ्यात, उभं राहून. तिन्ही मुद्दे क्रमाने घेतले. तिसऱ्याला आवाज हळू ठेवला, त्यांना लागू नये म्हणून.

त्यांनी शांतपणे ऐकलं. सुतळी दाताने तोडली. तुझा चहा निवतोय, म्हणाले. मग आपल्या पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. बाबांचा टेप! वर्षभर रोज पिशवीतून आणत होते आणि नेत होते म्हणे. माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, घे, पण दहा वजा करत जा.

क्षमा होत असतानासुद्धा टोमणा. मी त्यासाठीही जागच्या जागी क्षमा केली. मनातल्या मनात, वेगळी.

१४ मार्च, शुक्रवार.

चार दिवस मालकीणबाईंवर काम करतो आहे. रोज दहा मिनिटं, गिऱ्हाईक नसताना. त्या मंडळीत पहिल्या बाकावर बसतात (मिस्त्री शेवटच्या), त्यामुळे प्रस्तावनेची गरज पडत नाही. मी सांगतो की शत्रूवर प्रीती करावी. त्या म्हणतात, शत्रू असते तर सोपं होतं रे, सव्वीस वर्षं एका किटलीतला चहा प्यायलोय.

त्यांच्या काउंटरच्या काचेखाली साहेबांची ती कापलेली पट्टी ठेवलेली आहे. एक डोळा, अर्धी मिशी. बोलताना मला त्या डोळ्याकडे बघावं लागतं.

आज बाई म्हणाल्या, त्यांनी एकदा, एकदाच म्हणावं की चुकलं. वर्ष झालं, माणसाच्या तोंडातून शब्द नाही. मी काय भिंतीला क्षमा करू?

मुद्दा बरोबर आहे. लगेच मिस्त्रींकडे गेलो. म्हटलं, एक शब्द टाका, मी पुढचं बघतो. मिस्त्री म्हणाले, ज्याचं चुकलं तो म्हणेल. मी म्हटलं, अहो, तेच तर! ते म्हणाले, बघू, महिनाअखेरीपर्यंत वेळ आहे.

इतका अहंकार! आणि चेहरा किती साधा. अशा माणसासाठी मी झटतो आहे हे साक्षीत घेतलं पाहिजे. (परिच्छेद चौथा.)

१७ मार्च, सोमवार.

आढावा. चौदापैकी नऊ जणांना क्षमा करून झाली. त्यांतले सहा जण माझ्याशी बोलत नाहीत. क्षमा करायला गेल्यावर जे बोलले त्याबद्दल पुन्हा क्षमा करावी लागणार, असे पाच. नवीन नावं चार. यादी एकूण अठरा, वर पाच दुबार. कार्डाला मागून जोडपट्टी लावली.

वरच्या कुंड्या सुकल्या. काकू गॅलरीत उभ्या राहून पिवळी पानं तोडतात आणि एकेक पान खाली माझ्या दोरीच्या बाजूने सोडतात. पान टपकत नाही, तरंगत येतं. तक्रारीला जागा नाही.

१९ मार्च, बुधवार.

विजय!

सकाळी बाई लाल डोळ्यांनी आल्या. म्हणाल्या, तुझ्या त्या रोजच्या दहा मिनिटांनी मला धड झोप लागत नाही. म्हणाल्या, फोटो बाहेर काढ. दोन्ही तुकडे जोडू, सांधा दिसला तर दिसू दे, नवीन माउंटवर लावू. भिंतीवर लागलेला बघून माझं मन जरा निवलं तर मिस्त्रींचं काय ते बघते. शनिवारी होईल का?

होईल का! बाई, शनिवारी दुपारी बाराला भिंतीवर असेल, म्हटलं.

म्हणजे आता मिस्त्रींची नोकरी माझ्या हातातल्या एका माउंटवर आहे. हे त्यांना सांगावं असं वाटलं, पण त्यांनी ओझं मानून घेतलं असतं. आडून सांगितलं. ते म्हणाले, कुठला टेप वापरणार? मी म्हटलं, बाबांचा. ज्या वस्तूवरून अढी होती तीच वस्तू मेळ घडवणार, हे साक्षीत किती छान बसतं! मिस्त्रींनी बांधलेली सुतळी सोडून पुन्हा बांधली.

२२ मार्च, शनिवार.

सकाळी ११.१०. माउंट साठ सेंटिमीटरचा हवा. टेप दहापासून धरला. तीनदा मोजलं. तिन्ही वेळा तेच आलं. साठवर खूण. गुण्या लावला, रेघ मारली, कापलं. कड अशी की बोट फिरवावं.

११.२५. फोटोचे दोन्ही तुकडे नुसते जुळवून माउंटवर ठेवून पाहिले. माउंट अपुरा पडतो. बहुधा फोटो फुगला आहे. कपाटात दमट असणार.

११.३०. फोटो दहा सेंटिमीटर फुगत नाही.

११.३५. पुन्हा मोजलं. मिस्त्रींनी दिलेल्या चांगल्या टेपने. माउंट पन्नास. कमी किती, तर दहा. साडेनऊ नाही, सव्वादहा नाही. दहा.

११.४०. सहज म्हणून साहेबांच्या पट्टीवरून टेप फिरवला. पांढरी किनार सोडून, डोळा आणि मिशी धरून, किती.

दहा.

११.४५. गेल्या वर्षी त्या दिवशी मिस्त्रींनी विचारलं होतं. कटर हातात घेऊन, माझ्या रेघेवर ठेवून विचारलं होतं. मी म्हटलं होतं, हो हो, किती वेळा विचाराल! आणि मग त्यांनी कापलं.

११.५०. मिस्त्रींनी आज विचारलं नाही. पॅकिंगच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघताहेत आणि विचारत नाहीत.

१२.००. माउंट कपाटामागे सरकवला. बाईंना सांगितलं, बोर्डात दोष निघाला. सोमवारी करतो. बाई म्हणाल्या, बरं. साहेबांची पट्टी पुन्हा काचेखाली ठेवली, पदराने पुसून.

२३ मार्च, रविवार.

उपासनेला गेलो नाही. ताप असावा. ३६.८. काही लोकांना तेवढाच ताप असतो.

शांतपणे विचार केला. एक, धातू उन्हाळ्यात लांबतो. दोन, तेव्हा मी दुकानात नवीन होतो, मला रेघ मारायला सांगायलाच नको होतं. तीन, मिस्त्रींना सव्वीस वर्षांचा अनुभव असून रेघ चुकीची दिसू नये? साहेबांच्या नाकावरून गेली होती! (कागद उलटा ठेवून कापतात, हे खरं. मागून नाक दिसत नाही.) चार, त्यांनी टेप आता परत दिला तो मुद्दामच. हा कट आहे.

कटाबद्दल मिस्त्रींना क्षमा करायचा प्रयत्न केला. होत नाही. ज्याची नोकरी माझ्यामुळे जाते आहे त्याला कशाबद्दल क्षमा करायची ते वाक्यात बसत नाही.

आईने विचारलं की थर्मामीटर चारदा कशाला लावतोस. मी म्हटलं, एका मित्राचा प्रॉब्लेम आहे. सगळं सांगितलं, मित्राचं म्हणून. आई म्हणाली, त्या मित्राला म्हणावं, समोरचं अंडं खा, आणि उद्या जाऊन सांगून टाक. मी म्हटलं, मित्राचं टेबल जाईल. आई म्हणाली, मित्र मिस्त्रींच्या टेबलावर बसलाय ना?

मी मिस्त्रींचं नाव घेतलं नव्हतं.

२४ मार्च, सोमवार.

सांगणार होतो. बाईंचं डोकं दुखत होतं. माउंटबद्दल विचारलं. मी म्हटलं, नवीन बोर्ड मागवलाय.

२५ मार्च, मंगळवार.

लिहून द्यावं हे बरं. चार पानं लिहिली. शुद्धलेखन तपासलं, एकही चूक नाही. मग वाचलं. ‘रेघ योग्य जागेपासून किंचित अंतरावर पडली असण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ चार पानांत ती रेघ कोणीच मारलेली नाही. आपोआप पडली आहे, दंव पडतं तशी.

फाडली. कागद सहज फाटतो.

२६ मार्च, बुधवार.

मिस्त्री रोज दोन-दोन हत्यारं घरी नेताहेत. एकदम नेली तर पिशवी जड होते म्हणाले. काल पटाशी आणि छोटी हातोडी. आज जुना गुण्या, आणि त्यांचा चहाचा कप. कप हत्यारात मोजला.

सांगितलं नाही. गर्दी होती. (गिऱ्हाईक एक.)

२७ मार्च, गुरुवार.

सांगितलं.

ते खोक्याला चिकटपट्टी लावत होते. मी म्हटलं, फोटोवरची रेघ चुकली होती. त्यांनी वर पाहिलं नाही. मी म्हटलं, रेघ मी चुकवली होती. खूण दहा पुढे करायची राहिली.

मिस्त्री म्हणाले, माहीत आहे.

विचारलं, केव्हापासून? म्हणाले, साहेब खाली पडले तेव्हापासून. मग बोलला का नाहीत? म्हणाले, तुला लागून तीन महिने झाले होते, बाप जाऊन सहा, टेप त्याचा. तोंड तुझं माउंटबोर्डासारखं झालं होतं. बाई त्या रागात तुला उभ्या उभ्या काढतील असं वाटलं. म्हटलं, संध्याकाळपर्यंत हा स्वतःच सांगेल. मग म्हटलं, सकाळी सांगेल. मग तू टेबलावर बसून शीळ घालायला लागलास. तेव्हा कळलं, ह्याला पत्ताच नाही!

आणि हसले. वर्षात पहिल्यांदा त्यांना हसताना पाहिलं. हसू माझ्यावर होतं.

मी हळूच विचारलं, यंदा तुमच्या कार्डावर माझंच नाव असेल ना? म्हणाले, छे, ते गेल्या वर्षीचं कार्ड. फाडलं की तेव्हाच. यंदाचं कोरं आहे, डुगडुगणाऱ्या स्टुलाखाली सरकवलंय.

म्हणजे गेलं वर्षभर मला क्षमा झालेली होती आणि मला कोणी कळवलं नाही. मी इतक्या जणांच्या घरी जाऊन कळवलं!

२८ मार्च, शुक्रवार.

मालकीणबाईंना सांगितलं. आधी पाणी प्यायलो, दोन ग्लास. मग कपाटामागून माउंट काढून काउंटरवर ठेवला आणि टेप लावून दाखवलं. बोलण्यापेक्षा सोपं पडलं.

बाईंनी काचेखालच्या डोळ्याकडे पाहिलं. मग विचारलं, आणखी कोणाला माहीत आहे? मी म्हटलं, मिस्त्रींना. केव्हापासून? मी म्हटलं, साहेब खाली... पहिल्या दिवसापासून.

मिस्त्रींना हाक मारली. मला वाटलं आता डोळ्यांत पाणी, हातात हात. मिस्त्रींना माझ्यापेक्षा जास्त बोलणी बसली. बाई म्हणाल्या, मोठे संत लागून गेलात! वर्षभर मी चुकीच्या माणसावर रागावले, रोज उठून रागावले, ती सगळी मेहनत आता कुठे नेऊन ठेवू? मिस्त्री म्हणाले, पोराची नोकरी गेली असती, बाई. बाई म्हणाल्या, गेलीच असती! मग डोळे पुसले. मग चहा मागवला. दोन.

सोमवारपासून मिस्त्री कापण्याच्या टेबलावर. महिनाअखेरीला कोणाची नोकरी जाणार नाही. मी पॅकिंगला.

मी विचारलं, बाई, मला क्षमा केलीत ना? त्या म्हणाल्या, आत्ता? अजून चहा निवायचाय. मी म्हटलं, नाही, रविवारच्या आत कार्ड फाडायचं असतं म्हणून. त्या म्हणाल्या, मिस्त्रींचं नाव खोडून तुझं घातलंय, शाई वाळू दे.

२९ मार्च, शनिवार.

मिस्त्रींनी माउंट कापला. रेघ त्यांनी मारली. मी जवळ उभा होतो, म्हटलं काही विचारावं का? नाही विचारलं.

मिस्त्रींनी कप परत आणला.

साक्ष नव्याने लिहायला घेतली. शीर्षक सुचत नाही.

३० मार्च, रविवार. दुपारी एक.

पाळकसाहेबांनी नाव पुकारलं. पुढे गेलो. जुनी साक्ष खिशात होती, पाच मिनिटांत बसवलेली. काढली नाही. म्हटलं, गेल्या वर्षी दुकानातल्या फोटोवरची रेघ माझी होती. मिस्त्रींचं काही चुकलं नव्हतं. ते वर्षभर माझ्याऐवजी कोपऱ्यात बसले.

संपलं. समोरच्या घड्याळावर अकरा सेकंद झाले होते.

मंडळीला वाटलं ही प्रस्तावना. सगळे नीट सावरून बसले. मी उभा, ते बसलेले. भाऊजींनी टाळी वाजवायला सुरुवात केली, ताईने त्यांचा हात धरून खाली ओढला. पाळकसाहेबांनी आणखी थोडी वाट पाहिली आणि गीत सांगितलं. इतक्या लवकर गीत येईल असं पेटीवाल्यांनाही वाटलं नव्हतं, ते पानं शोधत होते.

नंतर दारात टोपलीपाशी रांग. बाई माझ्या पुढे होत्या. कार्ड काढलं, माझ्याकडे एकदा बघितलं, मधोमध फाडलं. अर्धं टोपलीत टाकलं, अर्धं पर्समध्ये ठेवलं. म्हणाल्या, एवढंच झालंय आज, उरलेलं बघू.

माझी पाळी आली. माझं कार्ड फाटेना. माउंटबोर्ड, वर प्लॅस्टिक, मागे जोडपट्टी. दोन्ही हातांनी वाकवलं, गुडघ्यावर घेतलं. मागे रांग थांबलेली. ताई मोठ्याने म्हणाली, मिलिमीटर, दात लाव!

मिस्त्री मागून आले. कोटाच्या खिशातून कटर काढला. (चर्चमध्ये कटर घेऊन येतात!) कार्ड दाराजवळच्या कठड्यावर ठेवलं, पाहिलं, पहिल्या क्रमांकावर स्वतःचं नाव होतं ते वाचलं, आणि खिशातून पेन्सिल काढून माझ्या हातात दिली. म्हणाले, रेघ तू मार.

मारली. जरा तिरकी गेली. मिस्त्रींनी कटर रेघेवर ठेवला. विचारलं, नक्की ना?

मी म्हटलं, नक्की नाही. तरी कापा.

३१ मार्च, सोमवार.

दिवसभर पॅकिंग. सुतळीने बोट कापलं. खोकी सात, एक उलटं बांधलं गेलं, पुन्हा केलं.

फोटो लागला. सांधा दिसतो, साहेबांच्या नाकावरून. बाई स्टुलावर चढून बघून आल्या आणि म्हणाल्या, जिवंतपणी तरी कुठे सरळ बघायचे. मला नाही, मिस्त्रींना म्हणाल्या. पण मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने.

घरी आलो तर वरून पाणी टपकत होतं. काकांनी नवीन रोपं आणली आहेत. शर्ट दोरीवर हातभर बाजूला सरकवला. किती ते मोजलं नाही.

आज कोणालाही क्षमा केली नाही. सगळे आपापल्या कामात होते.